नदीकाठी परतलेली गावे

नदीच्या काठी गाव वसवावे, ही मनुष्यजातीची फार जुनी रीत आहे. नाईल, सिंधू, युफ्रेटिस या नद्यांच्या काठी प्राचीन संस्कृती नांदल्या. नदी पाणी देते, गाळाची सुपीक माती देते, गुराढोरांना चारा देते. म्हणूनच नदीला लोकमाता म्हणण्याची प्रथा आपल्याकडे आहे. एखाद्या मुलखातील लोक नदी सोडून दूर खडकाळ माळावर जाऊन राहू लागले, असे कोणी सांगितले, तर आपणांस ते खरे वाटणार नाही.

परंतु पश्चिम आफ्रिकेत असे घडले होते. तेथे व्होल्टा नावाची मोठी नदी आहे. काळी व्होल्टा, तांबडी व्होल्टा आणि पांढरी व्होल्टा या तिला मिळणाऱ्या नद्या. विसाव्या शतकाच्या मध्यास या नद्यांच्या खोऱ्यांतून प्रवास करणाऱ्यास एक विलक्षण दृश्य दिसे. काठची जमीन कसदार, पण ती पडीक होती. तीवर पुरुषभर उंचीचे गवत माजले होते. गवतातून मधूनच घरांच्या पडक्या मातीच्या भिंती डोकावत. तेथे एके काळी गाव होते. पण आता माणूस नव्हता. नदीपासून दूर, जेथे मातीचा थर पातळ आणि पाणी दुर्मिळ, तेथे मात्र लोक दाटीवाटीने राहत होते. ज्वारी आणि बाजरी ही आपल्या ओळखीचीच धान्ये ते पिकवीत. पण त्या निकस जमिनीत वर्षभर पुरेल इतके धान्य होत नसे. पावसाने ओढ दिली, की उपासमार ठरलेली.

हे लोक गरीब का राहिले? वरवर पाहणारा म्हणेल, “हे आळशी असावेत. इतकी चांगली जमीन ओसाड टाकून माळावर उपाशी राहणाऱ्यांस शहाणे कसे म्हणावे?” पण असा निकाल देणे अन्यायाचे होईल. त्या लोकांनी नदी सोडली होती, ती स्वतःचे आणि आपल्या मुलाबाळांचे डोळे वाचविण्यासाठी.

नदीचे पाणी जेथे खडकांवरून खळाळत जाते, तेथे एक लहानशी काळी माशी अंडी घालते. तिच्या अळ्यांना वाहत्या पाण्यातील प्राणवायू लागतो. म्हणून त्या पाण्याखालील खडकांना आणि पाणवनस्पतींना चिकटून वाढतात. सुमारे आठवड्याभरात त्यांची वाढ पुरी होते आणि पुढे त्यांच्यापासून माश्या तयार होतात. ही माशी दिवसा चावते. नदीकाठच्या शेतात राबणारा शेतकरी, पाणी भरणारी बाई, गुरे राखणारा मुलगा, कोणीही तिच्या तावडीतून सुटत नाही.

माशीच्या चाव्याने होणारी आग थोड्या वेळाने शमते. खरा अपाय निराळाच आहे. या माशीबरोबर ऑन्कोसर्का नावाच्या कृमीची पिल्ले माणसाच्या शरीरात शिरतात. तेथे ती मोठी होतात आणि कातडीखाली गाठी करून राहतात. मादी दहा ते पंधरा वर्षे जगते आणि तेवढा सर्व काळ असंख्य सूक्ष्म कृमींना जन्म देत राहते. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी सर्व अंगभर कातडीतून हिंडतात. त्यामुळे अंगाला इतकी कंड सुटते, की रोग्यास रात्री झोप म्हणून लागत नाही. हेच कृमी शेवटी डोळ्यांत शिरतात. ते तेथे मरतात, तेव्हा डोळा सुजतो आणि बुबुळावर व्रण उठतात. वर्षानुवर्षे हे चालले, की दृष्टी हळूहळू मंद होते आणि अखेर कायमची जाते. नदीच्या काठी होणाऱ्या या रोगास ‘नदीअंधत्व’ असे नाव पडले आहे.

ज्या गावांत रोगाचा जोर फार, तेथे दर दहा माणसांत एक जण आंधळा असे. चाळिशी उलटलेल्या पुरुषांपैकी तर काही ठिकाणी निम्म्यांची दृष्टी गेलेली असे. ज्या वयात माणसाने घर चालवायचे, त्याच वयात तो परावलंबी होई. मग त्याच्या हाती काठीचे एक टोक येई आणि दुसरे टोक घरातील एखाद्या लहान मुलाच्या हाती जाई. मुलगा पुढे चाले, आंधळा बाप किंवा आजोबा मागे. त्या मुलास ना शाळा, ना खेळ. आणि तोही त्याच नदीकाठी वाढत असल्यामुळे, उद्या आपल्याही हाती काठीचे मागचे टोक येणार, हे त्यास ठाऊक असे.

या रोगाचा आणखी एक क्रूर नियम होता. गाव मोठे असेल, तर माश्यांचे चावे पुष्कळ माणसांत वाटले जात. पण काही कुटुंबे भिऊन गाव सोडून गेली, की माश्या तितक्याच आणि माणसे कमी, असे होई. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला जास्त चावे येत आणि त्यांची दृष्टी अधिक लवकर जाई. ते पाहून आणखी कुटुंबे निघून जात. असे होता होता शेवटी सबंध गाव उठे. लोकांपुढे दोनच वाटा होत्या. नदीकाठी राहावे, तर पोट भरे पण डोळे जात. माळावर जावे, तर डोळे वाचत पण पोट रिकामे राही. दारिद्र्य हे केवळ पैशाच्या अभावाचे नाव नाही. कधी कधी ते असे दोन्ही बाजूंनी वाट अडवून उभे असते.

मग त्या माश्यांचा नाश कोणी का केला नाही? प्रयत्न झाले होते. काही डॉक्टरांनी आणि कीटकशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या ठिकाणी नदीत कीटकनाशक टाकून पाहिले. त्या जागी माश्या नाहीशा होत. पण थोड्याच काळात पुन्हा दिसू लागत. कारण वाऱ्याच्या साहाय्याने ही माशी शेकडो किलोमीटर उडत जाते. देशांच्या सीमा तिला माहीत नाहीत. एका देशाने आपली नदी स्वच्छ केली, तरी शेजारच्या देशातून माश्या येतच राहणार. शिवाय या भागातील बहुतेक देश १९६० च्या सुमारास नुकतेच स्वतंत्र झालेले आणि अत्यंत गरीब होते. १९६८ साली ट्यूनिस शहरी तज्ज्ञांची एक परिषद भरली. सर्व खोऱ्यांत एकाच वेळी मोहीम केली, तरच या रोगाचे नियंत्रण होऊ शकेल, असे मत तेथे पडले. जे काम एका गावाला किंवा एका देशाला झेपणारे नव्हते, ते अनेक देशांनी मिळून हाती घ्यावयास हवे होते.

अशा कामांसाठीच काही आंतरराष्ट्रीय संस्था जन्मास आल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे झालेल्या परिषदेत जागतिक बँक स्थापण्याचे ठरले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांच्या उभारणीसाठी पैसा पुरविणे हे तिचे पहिले काम. पुढे गरीब देशांच्या विकासाकडे ती वळली. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघ अस्तित्वात आला. त्याच महिन्यात शेती व अन्न यांचा विचार करणारी अन्न व कृषी संघटना, आणि ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. १९६५ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाची स्थापना करण्याचा ठराव झाला.

१९७२ साली जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा अपर व्होल्टा या देशात गेले. याच देशास १९८४ पासून बुर्किना फासो असे म्हणतात. तेथील खेड्यांत त्यांनी काठीच्या टोकाला धरून मोठ्या माणसांना नेणारी मुले पाहिली. रोगाचे निवारण झाल्याखेरीज येथे शेतीचा विकास होणे शक्य नाही, हे त्यांस पटले. या चार संस्थांनी मग एक योजना आखली आणि १९७४ साली काम सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्यक्ष मोहीम चालवावी आणि जागतिक बँकेने निरनिराळ्या देशांकडून निधी जमवावा, असे ठरले. हा पैसा परतफेड करावयाचे कर्ज नव्हता. ती देणगी होती. बेनिन, अपर व्होल्टा, आयव्हरी कोस्ट, घाना, माली, नायजर आणि टोगो या सात देशांत प्रथम मोहिमेस आरंभ झाला. तिचे मुख्य कार्यालय वागादुगू शहरी होते.

माशीला हवेत गाठणे अशक्य. पण तिची अळी पाण्यात एका जागी चिकटलेली असते. म्हणून अळीच नष्ट करावयाची, असे तज्ज्ञांनी ठरविले. हेलिकॉप्टरे आणि लहान विमाने नद्यांवरून खालून उडत आणि धबधब्यांच्या वरच्या अंगास मोजून मापून कीटकनाशक सोडीत. अळीची वाढ सुमारे आठवड्यात पुरी होत असल्यामुळे हे काम दर आठवड्यास करावे लागे. एक आठवडा चुकला, की माश्यांची नवी पिढी उडालीच म्हणून समजावे. नदीतील मासे व इतर जलचर यांस अपाय होतो की काय, हे तपासण्याचे कामही सतत चालू असे.

माश्या खरोखर कमी होत आहेत की नाही, हे कसे समजावे? त्यासाठी काही माणसे नेमली होती. ती सकाळपासून सायंकाळपर्यंत नदीच्या काठी पाय उघडे टाकून बसत. माशी पायावर बसली, की ती चावण्यापूर्वीच तिला काचेच्या लहानशा नळीत पकडीत. दिवसभरात किती माश्या आल्या, याची ते नोंद ठेवीत. या मोहिमेचे यश अशा साध्या माणसांच्या धीरावर अवलंबून होते. मोहिमेतील कर्मचारी जवळजवळ सर्व आफ्रिकी होते. १९८० पासून १९९४ पर्यंत तिचे संचालकपदही गांबिया देशाचे डॉ. इब्राहिम सांबा यांनी सांभाळले.

काही वर्षांतच पुष्कळ ठिकाणच्या माश्या नाहीशा झाल्या. पण काम थांबविता येत नव्हते. माणसांच्या अंगातील कृमी अजून जिवंत होते. ते पंधरा वर्षे जगू शकतात, हे आपण वर पाहिलेच आहे. मोहीम मध्येच थांबली असती, तर माश्या परत येऊन त्याच माणसांपासून रोग पुन्हा पसरला असता. म्हणून सुमारे चौदा वर्षे माश्यांना दूर ठेवणे आवश्यक होते. तेवढ्यात अडचणीही उभ्या राहिल्या. १९८० च्या सुमारास काही नद्यांतील अळ्यांना नेहमीचे कीटकनाशक बाधेनासे झाले. तेव्हा वेगवेगळी द्रव्ये आळीपाळीने वापरावी लागली. पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर माश्या येतच होत्या. म्हणून गिनी, गिनी-बिसाऊ, सेनेगल आणि सिएरा लिओन या चार देशांचा मोहिमेत समावेश करण्यात आला. मोहिमेचे क्षेत्र बारा लाख चौरस किलोमीटरांहून अधिक झाले.

याच सुमारास दुसऱ्या एका दिशेने मदत आली. जपानमधील शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा यांना इतो शहराजवळच्या मातीत एक जिवाणू सापडला होता. त्यापासून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल आणि त्यांचे सहकारी यांनी ‘आयव्हरमेक्टिन’ नावाचे औषध सिद्ध केले. आरंभी ते जनावरांसाठी वापरण्यात येई. डॉ. मोहम्मद अझीझ यांनी १९८१ साली सेनेगलमध्ये नदीअंधत्वाच्या रोग्यांवर त्याची पहिली चाचणी घेतली. या औषधाने मोठे कृमी मरत नाहीत. पण त्यांची सूक्ष्म पिल्ले मरतात. त्यामुळे कंड थांबते आणि डोळे वाचतात. वर्षातून एकदा गोळ्या घेतल्या, की पुरे होते. परंतु ज्यांना या औषधाची गरज होती, त्यांच्यापाशी ते विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा औषध तयार करणाऱ्या मर्क कंपनीने १९८७ साली असे जाहीर केले, की या रोगासाठी लागेल तितके आणि लागेल तितकी वर्षे हे औषध विनामूल्य दिले जाईल. ओमुरा आणि कॅम्बेल यांना पुढे २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

औषध फुकट मिळाले, तरी ते रानावनांतील प्रत्येक माणसापर्यंत कसे पोहोचवावे? जेथे रस्ता नाही, दवाखाना नाही, तेथे डॉक्टर कोठून येणार? १९९५ साली आफ्रिकेतील इतर देशांसाठी दुसरी मोहीम सुरू झाली. तिने हा प्रश्न गावकऱ्यांवरच सोपविला. गावाने सभा भरवावी, आपल्यापैकी विश्वासू माणसे निवडावी आणि त्यांनी घरोघर जाऊन गोळ्या द्याव्या, अशी रीत पाडण्यात आली. माणसाच्या वजनाप्रमाणे गोळ्या द्यावयाच्या. पण खेड्यात वजनाचा काटा कोठे असणार? म्हणून एका काठीवर खुणा करण्यात आल्या. माणसाची उंची ज्या खुणेपर्यंत पोहोचेल, तितक्या गोळ्या त्यास द्यावयाच्या. लिहिता-वाचता फारसे न येणाऱ्यासही हे जमत असे. आंधळ्याला नेणारी काठी ज्या गावांनी पाहिली होती, त्याच गावांत आता औषध मोजणारी काठी आली.

पहिली मोहीम २००२ साली संपली. अठ्ठावीस वर्षांच्या त्या परिश्रमांचे फळ काय? सुमारे ६ लाख लोकांचे अंधत्व टळले. मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मलेली १ कोटी ८० लाख मुले या रोगाच्या भीतीवाचून वाढली. सुमारे २ कोटी ५० लाख हेक्टर जमीन पुन्हा वस्तीस आणि शेतीस योग्य झाली. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाचे पाच भाग केले, तर त्यांतील चार भागांएवढी ही जमीन भरेल. तीवर सुमारे १ कोटी ७० लाख लोकांना पुरेल इतके धान्य पिकू शकते, असा हिशेब तज्ज्ञांनी केला. यासाठी आलेला खर्च दर माणशी वर्षाला एक डॉलरहूनही कमी होता.

माळावरची कुटुंबे आपापली भांडीकुंडी आणि बी-बियाणे घेऊन हळूहळू नदीकडे परतू लागली. पुष्कळ जण कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता आपण होऊनच आले. त्यांनी गवत कापले, जमीन साफ केली आणि पेरणी केली.

तरी सर्व दुःख संपले, असे म्हणता येणार नाही. ज्यांची दृष्टी आधीच गेली होती, त्यांना ती परत मिळाली नाही. जमीन मोकळी झाली, तरी रस्ते, विहिरी, शाळा आणि बाजार यांवाचून दारिद्र्य पुरतेपणी हटत नाही. सिएरा लिओनमध्ये १९९१ साली यादवी युद्ध पेटले आणि तेथील काम कित्येक वर्षे खंडित झाले. माणसांनी एकमेकांशी वैर धरले, की रोगांना मोकळे रान मिळते. दुसऱ्या बाजूस आशादायक वार्ताही आहेत. अमेरिका खंडातील कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांतून हा रोग समूळ नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ ते २०१६ या वर्षांत मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा असा मान मिळविणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. तथापि आफ्रिकेत अजूनही कोट्यवधी लोकांना दरवर्षी हे औषध द्यावे लागते.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली जगापुढे सतरा उद्दिष्टे ठेवली. त्यांतील पहिले उद्दिष्ट, जगातून दारिद्र्य नाहीसे करणे, हे आहे. त्यासाठी २०३० ची मुदत ठरविण्यात आली. हे कार्य किती अवघड आहे, हे व्होल्टाच्या खोऱ्यातील या एका उदाहरणावरून आपल्या लक्षात येईल. एका माशीला हटविण्यास अकरा देश, चार मोठ्या संस्था, अनेक शास्त्रज्ञ आणि अठ्ठावीस वर्षांचा काळ लागला. परंतु हे कार्य अशक्य नाही, हेही त्याच उदाहरणावरून दिसते. गरिबाला दोष देणे सोपे असते. त्याची वाट कशाने अडली आहे, हे शोधून काढणे आणि ती अडचण दूर होईपर्यंत न कंटाळता झटणे, हे कठीण असते.

जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवारात एक पुतळा आहे. तसाच एक पुतळा वॉशिंग्टन येथे जागतिक बँकेच्या कार्यालयातही आहे. हा पुतळा कोणा राजाचा किंवा सेनापतीचा नाही. एक आंधळा माणूस काठीचे टोक धरून चालला आहे आणि काठीचे दुसरे टोक धरून एक लहान मुलगा त्यास वाट दाखवीत आहे, एवढेच त्यात दाखविले आहे. व्होल्टाच्या काठी असे मूल एके काळी गावोगाव दिसे. आज त्या गावांतील त्याच वयाच्या मुलांचे हात मोकळे आहेत.